अक्काने सांगितलेले शेवट

साखर कारखान्यात हंगामाची पहिली मोळी पडली की आमच्या कळंबच्या रस्त्यावर पिक्चर सुरू होतो. म्हणजे आवाज तेवढा, चित्र नाही. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर आणि मडगार्डाला बांधलेले कपाटाएवढे स्पीकर. एक गाणं माझ्या दुकानावरून पुढं जातं न जातं तोवर मागून दुसरं येतं. माझं खता-बियाण्याचं दुकान रस्त्याला चिकटून आहे. हंगामाचे चार-पाच महिने गिऱ्हाईक काय मागतंय ते मी कानांनी नाही, ओठांवरून ओळखतो. अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर चिमणीची काजळी बसते, संध्याकाळी जळत्या पाचटाचा वास येतो आणि वारं फिरलं की मळीचा. बाहेरून आलेला माणूस नाकाला रुमाल लावतो. आम्हाला त्या वासानं थंडी आल्याचं कळतं.

यंदा पहिल्याच आठवड्यात एक ट्रॅक्टर तीन वर्षांपूर्वीच्या एका पिक्चरचं गाणं लावून गेला. मी युरियाच्या गोण्या मोजत होतो, मोजणी चुकली. बायको आतून म्हणाली की पुन्हा मोजा. मी पुन्हा मोजल्या आणि पुन्हा चुकलो.

मला सिनेमातलं काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. कॅमेरा कुठं ठेवला होता वगैरे बोलणारी माणसं वेगळी. मला एकतर पिक्चर आवडतो नाहीतर झोप लागते. तरीपण तिकीट काढून बघणाऱ्याला मत असतंच आणि माझं मत असं, की पिक्चर काढणाऱ्यांनी आयुष्यात उसाच्या फडात पाय टाकलेला नसतो. हिरॉईन उघड्या हातांनी उसातून पळते, गिरक्या घेते, हिरोच्या गळ्यात पडते. आमच्याकडं अशी पळाली असती तर पातीनं कोपरापर्यंत चिरली असती आणि पुढचं सगळं गाणं खाजवण्यात गेलं असतं. दुसरं मत, गावात राहणारे सगळे एकतर देवमाणूस नाहीतर लबाड दिवाणजी दाखवायचे हे आता पुरे. तिसरं मत पिक्चरमधल्या दवाखान्याबद्दल आहे. ते मी पुढं सांगतो, कारण ते मत मला फुकट मिळालेलं नाही.

पिक्चर मला दाखवले अक्कानं. अक्का माझी मोठी बहीण, आठ वर्षांनी मोठी. मी तिसरी-चौथीत असताना ती सतरा वर्षांची होती. आमचे वडील आबा स्वभावानं कडक, पण बाजाराच्या दिवशी इंदापूरला नेलं की कधीमधी आम्हा दोघांना तीनच्या खेळाला सोडायचे. अट एकच. सहाची कळंबची एसटी चुकता कामा नये, कारण त्यानंतर गाडी नव्हती. खेळ सुटायचा सव्वासहाला. त्यामुळं पावणेसहा वाजले, की पडद्यावर कितीही आग लागलेली असो, अक्का माझं मनगट धरायची आणि आम्ही वाकून, लोकांच्या गुडघ्यांना धडकत बाहेर पडायचो. आम्ही दोघंच नव्हे. कळंब, शेळगाव, तिकडची सगळीच माणसं उठायची. पाठीमागचे इंदापूरकर आमच्या नावानं ओरडायचे. आमच्या बाजूच्या एका पिढीनं हाणामाऱ्या बघितल्या, गाणी बघितली, आणि शेवट एकाही पिक्चरचा बघितला नाही.

मग एसटीत खिडकीशी बसून अक्का मला शेवट सांगायची. ज्यानं आधी बघितलाय त्याच्याकडून तिनं विचारून घेतला असेल असं मला वाटायचं. काय रंगवून सांगायची. हिरोला गोळी लागली, पण खांद्याला. आई बेशुद्ध पडली होती, तिनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. हरवलेला भाऊ भेटला. एसटीच्या खडखडाटात ती माझ्या कानाशी बोलायची आणि तिच्या वेणीतल्या शेवंतीचा वास यायचा. कळंब येईपर्यंत सगळे जिवंत असायचे.

तिच्याकडं पिक्चर ओळखायच्या खुणा होत्या. हिरोच्या मित्राला चांगले विनोद दिले असले की तो मरणार. इन्स्पेक्टर तरुण असला तर प्रामाणिक, पोट सुटलेलं असलं तर विकला गेलेला. आणि हिरोची आई इंटरवलपर्यंत फार हसत असली, हातानं घास भरवत असली, की समजायचं ती पुढं राहत नाही. हे नियम अजून एकदाही चुकलेले नाहीत. दक्षिणेतून येणाऱ्या डबिंगच्या पिक्चरमध्ये माणसं जीपसकट हवेत उडतात, पण आईच्या बाबतीत तेही हाच नियम पाळतात.

अकरावीला असताना शेजाऱ्यांच्या टीव्हीवर इंदापूरच्या थेटरातला एक पिक्चर लागला. मी नऊ वर्षांचा असताना बघितलेला आणि अक्कानं शेवट सांगितलेला. मी सगळ्यांना पुढचं आधीच सांगत बसलो होतो. पावणेसहाच्या जागेपर्यंत बरोबर सांगितलं. त्यानंतर भलतंच झालं. मी इतका चिडलो की दुसऱ्या दिवशी सायकल मारत शेळगावला गेलो. अक्काचं लग्न तिथं झालेलं, तिची लेक पूनम तेव्हा जन्मायचीच होती. मी म्हणालो, तू सगळे शेवट मनानं सांगितलेस, त्या पिक्चरमध्ये तर... तिनं पिठाचा हात वर केला आणि मला थांबवलं. खरं काय झालं ते सांगू नको म्हणाली. मग भाकरी थापत थापत म्हणाली, "मग काय तुला गाडीत रडत न्यायचं व्हतं?"

तो विषय तिथंच संपला. तीस वर्षं पुन्हा निघाला नाही.

तीन वर्षांपूर्वी हंगाम ऐन भरात असताना अक्काचा फोन आला. पिक्चरला जाऊ म्हणाली, बारामतीला, बुधवारी. मला नवल वाटलं, कारण बुधवार हा पिक्चरचा वार नव्हे, आणि पूनमच्या लग्नाची बोलणी पक्की होत आली होती, तिला मान वर करायला फुरसत नव्हती. तिला घ्यायला शेळगावला गेलो तर दाजी, म्हणजे तिचा नवरा, फडात तोडकऱ्यांबरोबर होते. ती एकटीच रस्त्यावर उभी होती, हातात प्लॅस्टिकची पिशवी. गाडीत बसली. गाव मागं पडलं तेव्हा म्हणाली की आधी दवाखान्यात जायचंय. छातीत गाठ आहे. दिवाळीपासून आहे.

दिवाळीपासून दोन महिने झाले होते. पुढं उसाचा ट्रॅक्टर, ओव्हरटेक करता येईना, त्याचं गाणं आमच्या काचांवर आदळत होतं. घरी का सांगितलं नाही म्हणून विचारलं तर तिनं सरळ सांगितलं. साखरपुडा पंधरा दिवसांवर आहे. मुलाकडच्यांच्या कानावर गेलं की म्हणणार, आईला आहे म्हणजे उद्या मुलीला होणार. म्हणून पिक्चरचं निमित्त.

दवाखान्यात फोटो काढले, सुई घालून तुकडा काढला, आठ दिवसांनी या म्हणाले. बाहेर आलो तर एक वाजला होता. मी म्हणालो घरी सोडतो, पडून राहा. ती म्हणाली, छे, पिक्चर बघायला पाहिजे. घरी जाऊबाई स्टोरी विचारणार, आणि आपल्याला खोटं बोलता येत नाही. मी तिच्या तोंडाकडं बघत राहिलो. नऊ वर्षांच्या पोराला सगळे शेवट खोटे सांगणारी बाई हे म्हणत होती.

तर आम्ही पिक्चरला बसलो. गारेगार एसी, मऊ खुर्च्या, पॉपकॉर्नचा तुपकट वास. अक्कानं पदराखाली हात धरून ठेवला होता, सुई घातली होती तिथं. पडद्यावर विनोदी पिक्चर. तीन नवरे, तीन बायका आणि एक कपाट. ती हसत होती. मनापासून हसत होती, हे मला जास्त लागलं. मध्येच फोन वाजला, पूनमचा. कुठं आहेस म्हणून. अक्कानं फोन कानाला लावला नाही, पडद्याकडं धरला. हॉलभर हशा चालला होता, तो तिनं लेकीला ऐकवला आणि फोन बंद केला.

आणि पिक्चर संपायला वीस मिनिटं असताना ती उठली. मी म्हणालो, अक्का, आता एसटी कुठली, आपली गाडी आहे. तर म्हणे उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकलो तर उशीर होईल. ते खरंही होतं. पण तिचा हात माझ्या मनगटावर होता, अगदी पूर्वीसारखा, आणि मी पन्नाशीला आलेला माणूस वाकून लोकांच्या गुडघ्यांना धडकत बाहेर आलो.

ते आठ दिवस कसे गेले ते मला नीट सांगता येणार नाही. गिऱ्हाईकानं ज्वारीचं बी मागितलं तर गव्हाचं दिलं. पहाटे तोडकऱ्यांच्या कोयत्यांचा आवाज सुरू झाला की जाग यायची आणि पहिला विचार तोच यायचा. तिकडं शेळगावात अक्का साखरपुड्याच्या साड्या काढून ठेवत होती. तिला भेटायला गेलो तर ओट्यावर बायका जमलेल्या आणि ती त्यांना कपाटातल्या नवऱ्याची गोष्ट सांगत होती, पोट धरून हसत होती. पूनमला तिनं बोलता बोलता पेढ्याचा तुकडा भरवला. मला तिचा जुना नियम आठवला आणि मी उठून गोठ्याकडं गेलो. भीती वाटली मला, दुसरं काही नाही.

आता पिक्चरमधल्या दवाखान्याबद्दलचं मत सांगतो. तिथं दारावर लाल दिवा असतो. तो विझतो, डॉक्टर बाहेर येतो, चष्मा काढतो आणि एका वाक्यात काय ते सांगून टाकतो. साफ खोटं आहे. खऱ्या दवाखान्यात लाल दिवा नसतो, टोकन असतं. खिडकीवरची मुलगी आधार कार्डाची झेरॉक्स मागते, ती काढायला रस्ता ओलांडावा लागतो, झेरॉक्सवाला जेवायला गेलेला असतो. आणि डॉक्टर एका वाक्यात सांगत नाहीत. ते कागदावर चित्र काढून, हळूहळू सांगतात आणि तुमचं लक्ष त्यांच्या पेनकडं असतं.

रिपोर्टच्या दिवशी अक्का दवाखान्यात आलीच नाही. बारामतीत पोचल्यावर म्हणाली, तू जाऊन आण, मी थेटरात बसते. दोन तिकिटं काढली, एक माझ्या खिशात घातलं. मी म्हणालो, अगं, तुझा रिपोर्ट. ती म्हणाली, पिक्चर चुकेल. वाद घालायला वेळ नव्हता, टोकन घ्यायचं होतं.

डॉक्टरबाई तरुण होत्या, साध्या. पेशंट कुठं आहेत म्हणून विचारलं. मी म्हणालो, पिक्चरला. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं. मग सांगितलं. कॅन्सर आहे. फार पसरलेला दिसत नाही, पण थांबायचं नाही. ऑपरेशन, मग औषधं, केस जातील, वर्षभर सांभाळावं लागेल. बऱ्या होण्याची चांगली आशा आहे, पण आत्ताच खात्री देता येत नाही. त्यांना उद्या घेऊन या, मला त्यांच्याशीच बोलायचंय. मी सगळ्याला हो म्हणालो. रिपोर्टचं पाकीट शर्टच्या आत घातलं, बटण लावलं.

अंधारात खुर्ची सापडेपर्यंत दोघांच्या पायांवर पाय दिला. अक्काच्या शेजारी बसलो. तिनं मान वळवली नाही, पॉपकॉर्नचा डबा माझ्याकडं सरकवला. पडद्यावर कुणीतरी कुणालातरी गच्चीवरून फेकत होतं. मला काही दिसत नव्हतं. मी गोष्ट जुळवत होतो. साधी गाठ आहे, चरबीची. छोटं ऑपरेशन करून काढून टाकू, तेही साखरपुडा झाल्यावर. सवडीनं. एकेक वाक्य मनात घासून बघत होतो की कुठं अडकत तर नाही. मग ते गाणं लागलं, यंदा ट्रॅक्टरवर वाजलं ते. शंभर माणसं मागं नाचत होती आणि पाकिटाचा कोपरा मला छातीला टोचत होता.

गाणं संपलं. मारामारी सुरू झाली, हिरोचा शर्ट फाटला, म्हणजे वीस मिनिटं राहिली. निघायची वेळ झाली, मी सवयीनं उठलो. अक्कानं माझ्या शर्टाचं टोक धरून मला खाली बसवलं.

"बस," ती म्हणाली. "आज शेवट बघून जायचं."

त्या पिक्चरची सुरुवात मला आजही माहीत नाही. शेवट मात्र पाठ आहे. व्हिलन पाण्यात पडला, पोलीस उशिरा आले, हिरोची बहीण सापडली. अगदी सामान्य शेवट, चार पैशांचा. अक्का खुर्चीच्या कडेवर बसून बघत होती. मग दिवे लागले, लोक उठले, पडद्यावर नावं वर सरकायला लागली. आम्ही दोघांनी ती नावं जन्मात बघितली नव्हती. जेवण पुरवणारे, गाड्या चालवणारे, न संपणारी नावं. झाडूवाल्या बाई मागच्या रांगेतून डबे गोळा करायला लागल्या तेव्हा अक्कानं विचारलं, काय निघालं.

मी जुळवलेलं सगळं म्हणून दाखवलं. साधी गाठ. चरबीची. सवडीनं. चांगलं जमलं असं मला वाटलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"बापू," ती म्हणाली, "ह्यो माझा शेवट हाय. मीच तुला शिकवलाय. खरा सांग."

मी शर्टाचं बटण काढून पाकीट तिच्या मांडीवर ठेवलं आणि रडलो. हॉलमध्ये दिवे लख्ख होते, झाडूवाल्या बाई बघत होत्या, मला त्याचं काही वाटलं नाही. अक्कानं पाकीट उघडलं नाही. माझं मनगट धरून बसून राहिली. डॉक्टरबाई जे बोलल्या ते मी सगळं सांगितलं, केसांचंही सांगितलं. केसांपाशी तिचा हात जरा घट्ट झाला. मग तिनं विचारलं, खात्री न्हाय म्हणाल्या? मी म्हणालो, न्हाय म्हणाल्या.

परत येताना इंदापूर रस्त्याला ट्रॉल्यांची रांग लागलेली. अर्धा तास गाडी जागेवर. ती बाहेरच्या उसाकडं बघत म्हणाली की रात्री दाजींना आणि पूनमला सांगायचं, आणि उद्या मुलाकडच्यांना. मी चिडलो. दोन महिने लपवलंस ते कशासाठी, आता आठवड्यावर साखरपुडा आला आणि सांगणार म्हणतेस. ती म्हणाली, तेव्हा मला तरी कुठं ठाऊक होतं. आता ठाऊक आहे. पोरीला खोट्याच्या जोरावर त्या घरात पाठवायची नाही. त्यांना उद्या कळेल आणि बोलणी पूनमला बसतील, आपल्याला नाही.

मुलाकडच्यांनी चार दिवस काही कळवलं नाही. पाचव्या दिवशी मुलाच्या वडिलांचा फोन आला. आधी तब्येत सांभाळा, बाकीचं मग बघू म्हणाले. मग बघू म्हणजे काय ते आमच्या बाजूला सगळ्यांना कळतं. पिक्चर असता तर मुलगा घर सोडून पूनमच्या दारात उभा राहिला असता. हा मुलगा राहिला नाही, आणि मी त्याला फार दोष देत नाही, म्हणजे आता देत नाही. तेव्हा मी त्याला दुकानात उभं राहून शिव्या दिल्या होत्या. पूनम दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं आईची फाईल माझ्याकडून मागून घेतली, आणि पुढच्या वर्षभराच्या बारामतीच्या सगळ्या फेऱ्या तिनं केल्या. मागच्या वर्षी तिचं लग्न झालं, दुसरीकडं. त्या घरी अक्कानं पहिल्याच बैठकीत चहाच्या आधी सगळं सांगून टाकलं.

अक्काचे केस गेले आणि आले. आता पूर्वीपेक्षा कुरळे आहेत, ते तिला आवडत नाहीत. दर सहा महिन्यांनी तपासणी असते. त्यातली एक नेमकी हंगामात येते. काल बुधवारी होती. यावेळी डॉक्टरबाईंनी फोटो बघताना जरा जास्त वेळ घेतला, पुन्हा एकदा काढायला लावला. काखेजवळ काहीतरी दिसतंय, जुन्या टाक्यांचंही असेल म्हणाल्या. शुक्रवारी रिपोर्ट. आज गुरुवार आहे आणि मी हे लिहितोय, कारण दुकानात लक्ष लागत नाही. बाहेर ट्रॅक्टर चाललेत. त्यातल्या प्रत्येकाचं गाणं मला ठाऊक आहे.

बुधवारी तपासणीनंतर पिक्चर बघितला. शेवटापर्यंत बसलो, नावं संपेपर्यंत. येताना पुन्हा ट्रॉल्यांमागं अडकलो. ऊन उतरलं होतं, वाटेत पडलेल्या उसाचे तुकडे उचलायला बकऱ्या रस्त्यावर आलेल्या. अक्कानं काच खाली केली. मग म्हणाली, तू अकरावीत सायकल मारत आला होतास, आठवतंय का. त्या पिक्चरचा खरा शेवट काय होता. मी म्हणालो, जाऊ दे. ती म्हणाली, सांग.

मी सांगितलं. गोळी खांद्याला लागत नाही. आई डोळे उघडत नाही. भाऊ भेटतो, पण उशिरा, दोघांच्या चितांपाशी. काही वगळलं नाही.

तिनं सगळं ऐकलं. पुढचा ट्रॅक्टर हलला, मी गिअर टाकला. शेळगावचा फाटा आला. उतरताना दार धरून थांबली, पदर सारखा केला.

"न्हाय," ती म्हणाली. "माझाच बरा व्हता."